नवं-जुनं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अण्णांबरोबर गावच्या सोसायटीत गेले होते. मार्चअखेरची झुंबड ओसरली होती, तरी बाकावर चार-पाच जण होतेच. सगळ्यांचं काम एकच. मार्चमध्ये जुनं पीक कर्ज भरलेलं, आता तेवढंच किंवा थोडं वाढवून पुन्हा उचलायचं. आमच्याकडं याला नवं-जुनं म्हणतात. पंखा जोरात होता, कागद उडू नयेत म्हणून सेक्रेटरींनी त्यांवर शिक्क्यांचा डबा ठेवला होता. शाईचा, जुन्या फायलींचा आणि कोपऱ्यात रचलेल्या खताच्या पोत्यांचा मिळून एकच वास येत होता. अण्णांनी चष्मा लावला आणि सेक्रेटरी बोट ठेवतील तिथं सावकाश सह्या केल्या. अण्णांची सही लांबलचक आहे, आडनावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण. शेवटच्या कागदावर सही झाली, पेनाला टोपण लागलं, आणि मग त्यांनी विचारलं, "सेक्रेटरी, ह्या कर्जाला आता किती वर्सं झाली ओ?"

सेक्रेटरी तरुण आहेत, गावातलेच, बोलायला मऊ. कॉम्प्युटरकडं बघत म्हणाले, "अण्णा, कर्ज यंदाचंच की. रिन्यू झालं न्हवं? ही बघा, आजची तारीख."

अण्णांनी तारीख बघितली, मान हलवली आणि उठले.

हे कर्ज कधीचं आहे ते आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं गाव नदीकाठचं, खालचं रान आठवडाभर पाण्याखाली. पाणी उतरल्यावर अण्णा रानात गेले तेव्हा उसाचे शेंडे कुजलेले होते आणि कांड्यांवरच्या डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब, फुटल्या होत्या. उसाला पांगशा फुटल्या की त्यातली साखर गेली, वजन गेलं, मग तो ऊस फक्त उभा दिसतो. घराची मागची भिंत मातीची होती, ती बसली. पुराच्या गाळाला एक वास असतो, तो कपड्यांतून जातो पण धान्याच्या कणग्यांतून जात नाही. आईनं कितीतरी दिवस त्या उन्हात उलट्या-पालट्या केल्या. त्या साली जे कर्ज उचललं त्यातलं काही नव्या लागणीला गेलं आणि काही भिंतीला. कागदावर सगळं पीक कर्जच. डोकं वर निघायच्या बेताला होतं तेवढ्यात २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. तेव्हापासून कारखान्याच्या बिलातून वळतं होईल तेवढं होतं, उरलेलं मार्चमध्ये भरायचं आणि एप्रिलमध्ये उचलायचं.

भरायला तेवढी रक्कम हाताशी असती तर कर्ज राहिलंच नसतं, हे सोसायटीला माहीत असतं आणि शेतकऱ्यालाही. म्हणून मार्चमध्ये गावागावांत हातउसन्या पैशांची पळापळ असते. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत भरलं की केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही, मुदत चुकली की ती सवलत हातची जाते. कुणी व्यापाऱ्याकडून घेतं, कुणी पाहुण्यांकडून, कुणी आठ-पंधरा दिवसांसाठी शेकड्यानं व्याज मोजतं. यंदा अण्णांनी माझ्याकडं मागितले. "थोड्या दिवसांचा प्रश्न हाय, बाई," म्हणाले. पैसे माझ्या खात्यातून गेले आणि नवं कर्ज जमा झाल्यावर जसेच्या तसे परत आले. परत आल्याचा मेसेज वाचताना मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. त्या रकमेनं गावात जाऊन एक जुनी गोष्ट आजची करून ठेवली आणि ती माघारी आली, एवढंच मनात राहिलं. अण्णांनी वर्षं विचारली होती आणि उत्तरात तारीख मिळाली होती, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

सांगलीत परतल्यावर कानाला सेक्रेटरींचा तो 'रिन्यू' शब्दच जास्त ऐकू यायला लागला. शेजारच्या काकांचं लायसन्स रिन्यू करायचं होतं, चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा दाखला लागतो म्हणून ते विश्रामबागेत डॉक्टर शोधत होते. कुणाचा गाडीचा विमा, कुणाचं मोबाइलचं पॅक, कुणाचा दुकानाचा करार. नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात तेव्हाही कुणीतरी हमखास म्हणतं, चला, आणखी एक वर्ष रिन्यू झालं. भांडी घासून अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या बायका मशीनवर पुन्हा पुन्हा अंगठा दाबतात, पुसतात, पुन्हा दाबतात. समोर जिवंत बसलेल्या माणसाला तसं म्हणायला मशीन जो वेळ घेतं तो मला फार लांब वाटतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं, ते चांगलं झालं.

इंग्रजीत हे एकच क्रियापद किती ठिकाणी राबतं! करार, भाडेपट्टा, सभासदत्व, वाचनालयाचं पुस्तक यांना ते लागतं, आणि तुटलेली मैत्री, लग्नातल्या शपथा, थांबलेली लढाई, खचलेली उमेद यांनाही तेच. पहिल्या जातीत फक्त मुदत पुढं जाते. वस्तू होती तशीच, तिच्यावरची तारीख बदलते. दुसऱ्या जातीत काहीतरी खरोखर पुन्हा सुरू व्हावं लागतं. मैत्री नुसत्या तारखेनं नवी होत नाही, कुणीतरी आधी फोन करावा लागतो. त्या क्रियापदातला 'न्यू' आणि आपलं 'नव' मुळात एकाच घरातले, पण आपल्याकडं ते आलं कागदांच्या मागून. त्यामुळं मराठीत बोलताना आपण रिन्यू म्हणतो ते बहुतेक पहिल्याच अर्थानं. पासपोर्टच्या अर्जावर तर हा शब्दही नसतो, तिथं री-इश्यू असतं. नवी पुस्तिका, नवा नंबर. मला ते जास्त सरळ वाटतं.

तारखा बदलण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या लहानपणी वाचनालयातल्या पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली असायची. पुस्तक वाचून झालं नसलं की ते घेऊन काउंटरवर जायचं, ग्रंथपाल बाई रबरी शिक्क्याची तारीख फिरवून आधीच्या तारखेच्या खाली नवी उमटवायच्या. आधीची तारीख खोडली जात नसे. एखाद्या जाडजूड कादंबरीच्या चिठ्ठीवर एकाखाली एक जांभळ्या तारखा असायच्या, काही जवळजवळ, काही मध्ये वर्षभराचं अंतर सोडून, आणि त्यावरून कळायचं की हे पुस्तक कुणालातरी एका मुदतीत झेपलं नव्हतं. मी त्या चिठ्ठ्या पुस्तकाआधी वाचायचे. चिठ्ठी भरली की तिच्यावरच दुसरी चिकटवायची, त्यामुळं जुन्या पुस्तकांचा मागचा पुठ्ठा जरा जाड लागायचा. २०१९ च्या पुरात सांगलीतल्या वाचनालयाची पुस्तकं भिजली तेव्हा मला आधी आठवल्या त्या या चिठ्ठ्या. छापलेलं पुस्तक दुसरं मिळेल. ती शाई कुठून आणायची?

यंदा सोसायटीतून आल्यावर त्याच सुमारास मी आत्याचा तंबोरा मिरजेला नेला. पुराच्या वेळी तो माळ्यावर होता म्हणून वाचला. आत्या गेल्यावर कुणी हात लावला नव्हता. तारा जुळवल्या तर सूर बरोबर लागायचा, पण आवाज बसल्यासारखा, नुसती तार वाजायची आणि विझायची. जोडाच्या, म्हणजे मधल्या दोन, तारा छेडल्यावर खोली भरून जायची ती लहानपणची आठवण खरी होती की माझी मीच रचली होती, अशी शंका यायला लागली होती.

मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी गेल्या शतकाआधीच सतारी-तंबोऱ्यांकडं वळली, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात, आणि अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिल्यापासून तर देशभरच्या गवयांचे पाय या गल्लीला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकान म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली. छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुसा, स्पिरिट-लाखेचा वास डोळ्यांत जाणारा. कारागीर साठीचे असतील. तंबोरा मांडीवर घेतला, एकदाच चारही तारा छेडल्या, आणि काही न बोलता डोकं खाली घालून घोडी बघायला लागले. घोडी म्हणजे तबलीवर, भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, बसवलेला तो रुंद पूल, ज्याच्यावरून तारा जातात.

"किती वर्षं वाजलाय?" त्यांनी विचारलं.

"आत्या रोज पहाटे घेऊन बसायची. तीसेक वर्षं तरी."

"आणि बंद किती वर्षं?"

तेही सांगितलं. मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि तारा सैल करून बाजूला सरकवल्या. घोडीच्या गुळगुळीत पाठीवर चार बारीक खाचा होत्या. त्यातल्या मधल्या दोन जास्त खोल. "हे जोड. जोड जास्त वाजतात ना," ते म्हणाले. खर्जाची पितळी तार जाड, तिची खाच रुंद पण उथळ. नखानं त्या खाचांवरून गेले तर प्रत्येक वेगळी लागत होती. आत्याच्या तीस वर्षांच्या पहाटा तिथं होत्या, एका हाडाच्या तुकड्यावर, माझ्या नखाएवढ्या जागेत. मी तिच्या वह्या जपून ठेवल्यात, तिचा आवाज असलेली एक कॅसेट आहे. पण तिच्या रियाजाचा असा स्पर्श मला त्याआधी कुठं झाला नव्हता.

तार खाचेत रुतून बसली की घोडीला नीट घासत नाही, मग झंकार मरतो. त्यावर उपाय म्हणजे जवारी काढायची, घोडीची पाठ घासून पुन्हा नीट करायची. ते कानस घेऊन बसले. दोन-चार हलके हात, फुंकर, बोटानं चाचपणं, पुन्हा दोन हात. पांढरी पूड पडत होती. घोडीची पाठ सपाट करून चालत नाही, तिला अगदी किंचित उतार ठेवावा लागतो, इतका की डोळ्यांना दिसत नाही. तो उतार ठरवायला मापपट्टी नसते. तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, सैल करायची, पुन्हा कानस. एकदा आवाज एकदम मोकळा झाला आणि मला वाटलं, झालं. त्यांनी मान हलवली. "हा पत्र्यासारखा झाला. हा टिकणार नाय." आणखी घासलं. शेवटी तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवला, तो केसभर मागं-पुढं करत राहिले, आणि एका जागी खोली भरली. मी डोळे मिटले नाहीत, मला त्यांच्या हाताकडं बघायचं होतं.

घोडी बदलून का टाकत नाही, असं मी विचारलं. आता फायबरच्याही मिळतात, घासतही कमी. ते म्हणाले, बदलता येईल की, पण अजून ह्या हाडात दोन-तीन जवाऱ्या निघतील. म्हणजे त्यांनी तंबोऱ्याचं झालेलं वयही मोजलं होतं आणि उरलेलंही. काम हातात घेण्याआधी त्यांचा पहिला प्रश्न वर्षांचाच होता. अण्णांनीही सोसायटीत तोच विचारला होता.

तिथून पुढं माझ्या लक्षात यायला लागलं की ज्यांच्या हाताखाली वस्तू खरंच नवी होते, ते तिचं वय कधी लपवत नाहीत. उसाचंच बघा. तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा ऊस येतो, त्याला खोडवा म्हणतात. खोडवा तुटल्यावर जो येतो तो निडवा. कुठलाही शेतकरी खोडव्याला लागण, म्हणजे नव्यानं लावलेला ऊस, म्हणणार नाही. कारखान्याच्या नोंदीतही ते वेगळे असतात. नाव उच्चारलं की वय कळतं आणि त्या वयाला साजेशी मशागत ठरते. तोड झाल्यावर अण्णा कोयता घेऊन रानात फिरतात, वर राहिलेले बुडखे जमिनीलगत छाटतात. उंच बुडखा राहिला तर वरच्या डोळ्यातून कोंब येतो, त्याला धड मुळं धरत नाहीत आणि तो पुढं लोळतो. जमिनीखालच्या डोळ्यातून आलेला कोंब जाड. मग बगला फोडायच्या, तुटाळ पडलेल्या मोकळ्या जागी नवी रोपं लावून नांग्या भरायच्या, पाचट पेटवायचं नाही, कुट्टी करून सरीत दाबायचं. इतकं केलं तर खोडवा लागणीच्या जवळ जातो. काहीच न करता नुसतं पाणी सोडलं तरी पंधरा दिवसांत रान हिरवं दिसतं, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही रानं सारखीच वाटतात.

मला वाटतं, नवं-जुनं करताना त्या कागदावर एक रकाना वाढवावा: मूळ कर्ज कधीचं. त्यानं व्याज कमी होणार नाही, मुद्दल कमी होणार नाही. पण दर मार्चला शंभर टक्के वसुली आणि दर एप्रिलला नवं वाटप असे आकडे वर जातात तेव्हा त्यांच्याबरोबर हेही वर जाईल की यातलं अमुक इतकं २०१९ च्या पुराचं आहे आणि ते अजून फिटलेलं नाही. आता ते कुठंच दिसत नाही. कागदाप्रमाणं आमच्या भागात पुराचं कर्ज उरलेलंच नाही, सगळी कर्जं यंदाची आहेत. यात सेक्रेटरींचा दोष नाही, त्यांना जो फॉर्म दिलाय तो ते भरतात, आणि मार्चमध्ये रात्री अकरापर्यंत बसून लोकांची सवलत वाचवतात. रकाना मात्र हवा.

हे मी अण्णांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "माझ्याकडं हाय की लिहिलेलं." पुढच्या खेपेला गेले तेव्हा त्यांनी लोखंडी कपाटातून लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढून दिली. तिच्यात पानावर वर 'महापूर' आणि साल, खाली उचललेली रक्कम, आणि मग दरवर्षीची एक ओळ: बिलातून किती वळतं झालं, किती हातउसने घेतले, कुणाकडून, कधी परत केले. प्रत्येक वर्षाच्या ओळीखाली राहिलेला आकडा लाल पेनानं. तो आकडा कमी झालाय, फार नाही, पण झालाय. यंदाच्या ओळीत माझं नाव होतं, मागं 'चि.' लावून. मी विचारलं, माहीत होतं तर सोसायटीत का विचारलंत? अण्णा थोडा वेळ पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "त्येंच्या तोंडनं ऐकायचं हुतं."

त्यांचं खरं दुखणं आता कर्जाहून जास्त खालच्या रानाचं आहे. काळी भारी जमीन, वर्षानुवर्षं ऊस आणि पाटानं मोकळं पाणी, त्यात दोन पुरांचं पाणी बसून राहिलेलं. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर मीठ फुटतं, पांढरी खपली, पायाखाली करकरते. कृष्णाकाठी अशी क्षारपड झालेली रानं गावोगाव आहेत. अण्णांनी माती तपासून आणली. तपासणाऱ्यांनीही आधी हेच विचारलं की ऊस किती वर्षं आहे, मधे दुसरं पीक घेऊन बेवड कधी केला होता. जिप्सम टाकायचं आणि हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरून फुलायच्या आत गाडायचा, असं सांगितलं. पण पाणीच निघून जात नसेल तर त्याचा उपयोग तेवढ्यापुरता. मूळ उपाय जमिनीखालून निचरा करण्याचा आहे: चार-पाच फूट खोल चर काढून, बारीक भोकांचे पाइप गाळणी गुंडाळून अंथरायचे, रानातलं खारं पाणी त्यातून हळूहळू ओढ्याला जातं. एका पावसाळ्यात हे होत नाही. मीठ धुऊन जायला काही वर्षं लागतात आणि दरवर्षी थोडं थोडं रान परत येतं. कसबे डिग्रजकडच्या आणि वाळव्याकडच्या लोकांनी करून दाखवलंय, त्यामुळं होत नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही.

अडचण एकच आहे. आमच्या रानातलं पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं तर मधल्या तिघांच्या रानातून पाइप जायला हवा. दोघं तयार आहेत, त्यांच्याही रानाला मीठ फुटलंय. तिसऱ्याचं रान उंचावर, अजून चांगलं आहे, त्याला खर्च कशाला हवा? गेल्या रविवारी आमच्या सोप्यात बैठक झाली. आईनं दोनदा चहा केला. अण्णांनी मातीचा रिपोर्ट सगळ्यांसमोर ठेवला आणि तिसऱ्याला म्हणाले, "दादा, तुझ्या बांधाच्या कडंला यंदा उसाची पानं पिवळी हायती, मी बघितल्यात." तो म्हणाला, ते युरिया कमी पडल्यानं. मग दोघंही उठून बॅटरी घेऊन रानात गेले. जेवायची वेळ टळून गेली तरी बांधावर दोघांचे आवाज चालू होते, दादा पाइपाच्या वळणाचं विचारत होता, आणि चर त्याच्या विहिरीपासून किती लांबून जाईल ते अण्णा पावलांनी मोजून सांगत होते.